सांधा कुठे आहे?

लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली मी मान वर करून उभी होते आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. सरांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "डावीकडे बघा. पुढच्या चाकापासून दोन फूट मागे." तेव्हा कुठे दिसलं. सपाट करड्या पत्र्यावर तळहाताएवढा ओरखडा आणि त्याच्या मधोमध पोचा. मी त्यात अंगठा घालून पाहिला. जेमतेम नख बुडेल एवढा खोल. बाकी गाडीला कुठे खरचटलंही नव्हतं. भोरकडून येताना रस्त्याचं काम चालू होतं, तिथे खालून दगड लागला, एवढंच दाव्याच्या अर्जात लिहिलेलं.

मग सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने एस्टिमेटचा कागद पुढे केला. सात लाख अडतीस हजार रुपये. एखादं शून्य जास्त पडलं असेल असं वाटून मी तो आकडा दोनदा वाचला. पहिल्याच ओळीत बॅटरी पॅक होता, एक नग, सहा लाख पंच्याऐंशी हजार. खाली मजुरी, कूलंट, किरकोळ सामान.

मोटार विम्याची सर्व्हेअर व्हायचं म्हणून मी परवानाधारक सर्व्हेअरच्या, म्हणजे सरांच्या, हाताखाली उमेदवारी करते आहे. त्या दिवशी मला जेमतेम चार महिने झाले होते आणि विजेवरची गाडी मी पहिल्यांदाच खालून बघत होते. पुण्याच्या कात्रजकडच्या बाजूला हे वर्कशॉप आहे. तिथे जे पाहिलं त्याने डोक्यात जो गोंधळ उठला, तो निस्तरायला मला पुढचे कित्येक आठवडे लागले.

याआधी मी अकरा वर्षं भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला आणि थेट तिथेच लागले. आमच्याकडे मोटारींच्या तळाचे छोटे भाग व्हायचे. ब्रॅकेट, क्रॉस मेंबरचे तुकडे, चाकावरच्या कमानीच्या आतले पत्रे. प्रेसखालून पत्रा निघायचा आणि मग दोन-तीन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग. तपासणीसाठी मी दर पाळीत ठरावीक नग उचलायचे, दोन पत्र्यांच्या मध्ये छन्नी घालायचे आणि हातोडीने ठोकायचे. वेल्ड चांगला असेल तर सांधा सुटत नाही, पत्राच फाटतो आणि पाच-सहा मिलिमीटरचं गोल बटण मागे राहतं. ते बटण व्हर्निअरने मोजायचं, वहीत लिहायचं. अशी हजारो बटणं मी मोजली आहेत. नेहमीच्या पत्र्याच्या मोटारीच्या सांगाड्यात असे चार-पाच हजार स्पॉट असतात. त्यामुळे मोटार म्हणजे सांधे, हे माझ्या हाताला ठाऊक होतं.

उमेदवारीत आले तेव्हा याच सांध्यांची दुसरी बाजू मला बॉडी शॉपमध्ये दिसली. तिथे एक म्हातारे डेंटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पुढून ठोकलेली पेट्रोलची गाडी त्यांच्याकडे आली की ते आधी फक्त हात फिरवतात. कुठला पत्रा ओढून सरळ होईल, कुठला बदलावा लागेल, हे बोटांनी ठरवतात. बदलायचा असेल तर स्पॉट कटर घेतात आणि कारखान्याने मारलेला एकेक स्पॉट कोरून काढतात. जुना पत्रा सुटतो, नवा बसतो, त्याच भोकांतून वेल्डिंग होतं. एकदा ते मला म्हणाले, "बेटा, कंपनीने जिथे जोडलंय तिथंच आपल्याला उघडायचं असतं. जोड सापडला की अर्धं काम झालं."

म्हणूनच त्या दिवशी गाडीखाली उभी राहून मी सांधा शोधत होते. पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत एकच सपाट पाट होता, आणि त्याच्या कडेने बोल्टची रांग. चाचा बाजूला उभे होते. पोच्याकडे बघून त्यांनी हात मागे घेतला. या गाडीला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती.

परवानगी होती ती एका तरुण टेक्निशियनला. कंपनीचं हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण झालेला त्या अख्ख्या वर्कशॉपमध्ये तो एकटाच. त्याची वाट बघत गाडी नऊ दिवस उभी होती, तीही इतर गाड्यांपासून लांब, मोकळ्यावर, भोवती दोरी बांधून. बॅटरीला आतून इजा झाली असेल तर आग उशिराही लागू शकते, म्हणून अशी गाडी छपराखाली, दुसऱ्या गाड्यांना खेटून ठेवत नाहीत. ब्रिटनमध्ये तर चहूबाजूंनी पंधरा मीटर जागा मोकळी सोडा असं सांगतात. पुण्यातल्या वर्कशॉपला एवढी जागा म्हणजे किती गाड्यांची जागा, याचा हिशेब मी मनातल्या मनात केला. तो खर्चही कुठल्या तरी बिलात चढणारच.

टेक्निशियन आला. जाड रबरी हातमोजे फुगवून त्याने आधी ते कुठे फुटलेत का ते पाहिलं. सर्व्हिस प्लग ओढून काढला, खिशात घातला आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं कुणी काही करायचं नाही. आतल्या कपॅसिटरमधला भार उतरेपर्यंत थांबायचं. मग त्याने नारिंगी केबलींच्या टोकाशी मीटर लावला. इन्सुलेशनचा आकडा नियमाच्या कितीतरी वर होता. दर व्होल्टला निदान १०० ओहम हवेत. इथे मेगाओहममध्ये होता. मला हायसं वाटलं. "म्हणजे बॅटरी ठीक आहे ना?" मी विचारलं.

"वीज बाहेर झिरपत नाही, एवढंच यावरून कळतं," सर म्हणाले. "आतला सेल दाबला गेलाय का, हे हा मीटर सांगत नाही."

इथे माझी खरी पंचाईत झाली. पेट्रोलच्या गाडीत जे मोडलं ते दिसतं. दिसत नाही ते उघडून बघता येतं. इथे उघडायचं म्हणजे चारशे व्होल्टची बंद पेटी फोडायची. ती फोडल्यावर पुन्हा पाणीबंद होईल याची हमी कोण देणार? वर्कशॉपला ती जोखीम नको होती, म्हणून सरळ नवीन पॅक लिहून मोकळे. त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच लिहिलं असतं.

दुपारी सरांनी मला पॉलिसी वाचायला बसवलं. गाडी होती एका शिक्षक जोडप्याची. शोरूमची किंमत चौदा लाख, गाडीला वर्ष होऊन गेलेलं, म्हणून वीस टक्के वजा जाऊन आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, अकरा लाख वीस हजार. पहिल्या वर्षी झिरो डेप होता, नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी करायला तो काढून टाकलेला. झिरो डेप नसला की बदललेल्या भागांचा घसारा मालकाच्या माथी येतो. २००२ सालच्या मोटार टॅरिफमध्ये ते कोष्टक आहे आणि बऱ्याच पॉलिसींत अजून तेच चालतं. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना पन्नास टक्के. काचेला शून्य. धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे; एक ते दोन वर्षांच्या गाडीला दहा टक्के.

त्या ओळीतल्या 'बॅटरी' या एका शब्दापाशी मी अडून बसले. २००२ साली ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे बॉनेटखालची चार-पाच हजारांची बारा व्होल्टची बॅटरी असणार. तोच शब्द आता गाडीच्या किमतीच्या जवळजवळ निम्म्या वस्तूला लागू होत होता. पन्नास टक्के म्हणजे तीन लाख बेचाळीस हजार पाचशे, मालकाच्या खिशातून. नख बुडेल एवढ्या पोच्यासाठी. संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. त्यांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, आम्हाला साधारण किती भरावे लागतील?" मला आकडा सांगवेना. मी फोन सरांकडे दिला.

सरांनी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या बॅटरी विभागाला पत्र लिहिलं. पॅक उघडून तपासावा आणि खालचा ट्रे सुटा मिळत असेल तर त्याचं वेगळं एस्टिमेट द्यावं, अशी मागणी केली. पाच दिवसांनी उत्तर आलं की मिळतो. मग कंपनीचा माणूस आला आणि बॅटरीचा पॅक मी पहिल्यांदा आतून पाहिला. झाकणाला अठ्ठेचाळीस बोल्ट होते, मी मोजले. कडेचं सीलंट सुरीने कापून झाकण उचललं. आत विटांसारखी मॉड्यूलं रांगेत बसवलेली, प्रत्येक मॉड्यूल चार बोल्टांनी ट्रेला आवळलेलं. एकेक उचलून त्याचा व्होल्टेज घेतला, खालची बाजू न्याहाळली. दगडाचा मार ट्रेच्या तळाच्या पोकळीतच जिरला होता. सेल शाबूत होते. सगळी मॉड्यूलं नव्या ट्रेमध्ये बसली, नवं गॅस्केट लागलं, पॅकमध्ये हवा भरून गळती तपासली. दोन दिवसांचं काम. सगळं मिळून बिल झालं चौऱ्याहत्तर हजार.

घसाऱ्याच्या रकान्यात सरांनी लिहिलं: अ‍ॅल्युमिनियम ट्रे, धातूचा भाग, १० टक्के. 'बॅटरी' हा शब्द त्यांनी कुठेही येऊ दिला नाही आणि ते बरोबरच होतं, कारण बॅटरी बदललीच नव्हती.

मला वाटलं, आता उलगडलं. पॅक उघडायचा, ट्रे बदलायचा, झालं. महिन्याभराने दुसरी गाडी आली आणि माझी समजूत खोटी ठरली.

ही गाडी दुसऱ्या कंपनीची, तीन वर्षं उलटलेली. मालक चिंचवडहून रोज हिंजवडीला कामाला जाणारा तरुण. सोसायटीच्या पार्किंगमधून चढावर येताना लोखंडी जाळीचं वर आलेलं टोक खाली घासलं होतं. पोचा आधीच्यापेक्षा लहान. मी स्वतःहून टेक्निशियनला म्हटलं, "ट्रेचं एस्टिमेट द्या." त्याने मान हलवली. या पॅकमध्ये मॉड्यूलं नव्हतीच. लांबट सेल शेजारी शेजारी लावून सरळ ट्रेलाच चिकटवलेले. हा चिकटा म्हणजे नुसता डिंक नाही, पॅकला ताकद तोच देतो. ट्रे काढायचा म्हणजे सेल सोलून काढायचे, आणि सोलताना ते फाटणार. कंपनीच्या पार्टच्या यादीत ट्रे नव्हता. झाकण होतं, काही सेन्सर होते आणि अख्खा पॅक होता. आठ लाख वीस हजार.

गाडीची मूळ किंमत पंधरा लाख. चौथ्या वर्षात चाळीस टक्के वजा, आयडीव्ही नऊ लाख. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या पंच्याहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे ती दुरुस्त करत नाहीत. नऊ लाखांचे पंच्याहत्तर टक्के सहा लाख पंच्याहत्तर हजार. गाडीची किंमत दर वर्षी कागदावर उतरत गेली होती, पॅकची तशी उतरली नव्हती. हीच जाळी पहिल्या वर्षी लागली असती तर पॅक बदलून गाडी रस्त्यावर आली असती. झिरो डेप या मालकाने घेतला होता. पण टोटल लॉसपुढे त्याचा उपयोग नसतो.

मी हे त्याला समजावून सांगत होते आणि तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "अहो मॅडम, पण गाडी चालतेय. मी स्वतः चालवत आणलीय." त्याचं खरं होतं. माझ्यापाशी त्यावर उत्तर नव्हतं.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. गाड्या अशा का बनवतात, हे मला समजून घ्यायचं होतं. जे कळलं ते माझ्या जुन्या कामाच्या इतकं जवळचं निघालं की मी चकित झाले. टेस्लाने २०२० पासून मॉडेल वाय गाडीचा मागचा तळ ओतीव करायला घेतला. इटलीच्या इद्रा कंपनीची सहा हजार टनांची डाय कास्टिंग यंत्रं त्यासाठी लावली. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात दाबतात, थंड होतं, अख्खा भाग बाहेर. आधीच्या मॉडेल थ्रीमध्ये त्याच जागी सत्तरच्या आसपास तुकडे होते, पत्र्याचे आणि इतर, जोडलेले. मी भोसरीत मोजायचे तसलेच तुकडे. सत्तर तुकडे म्हणजे सत्तर साचे, त्यांचे रोबो, त्यांची फिक्श्चर, वाहतूक, आणि छन्नी घेऊन उभी असलेली माझ्यासारखी माणसं. हे सगळं एका ओतकामात मिटतं. कारखान्यासाठी हा फायदा खरा आहे, त्यात खोट काढायला मला जागा दिसत नाही.

पण पोलादी पत्रा ओढला की वाकतो, सरळ होतो. चाचांचं सगळं कसब त्यावर उभं आहे. ओतीव अ‍ॅल्युमिनियमला तेवढी लवचीकता नसते, जोराचा मार बसला की त्याला तडा जातो, आणि तडा ओढून मिटत नाही. मग तो भाग ठरवून दिलेल्या रेषेवर कापून नवा तुकडा बसवायचा. टेस्लाने तशी पद्धत दिलेली आहे, आणि ओतीव भागाच्या टोकांना धडक झेलणारे तुकडे बोल्टनेही लावता येतात, म्हणजे हळू ठोकर लागली तर मुख्य ओतकाम वाचतं. त्यामुळे ओतीव गाडी म्हटली की दुरुस्ती महाग, असं मी आता सरसकट म्हणणार नाही. पुढचा सांधा कुठे ठेवला आहे, ते बघावं लागतं.

बॅटरीचं तसंच. २०१९-२० च्या सुमारास चीनमध्ये सीएटीएल आणि बीवायडी यांनी मधली मॉड्यूलं काढून सेल थेट पॅकमध्ये बसवायला सुरुवात केली. मॉड्यूलांच्या भिंती गेल्या, त्या जागी जास्त सेल मावले, वजन कमी झालं. बीवायडीने २०२२ मध्ये सील गाडीत पॅकचं झाकणच गाडीची जमीन केली. टेस्लाने टेक्ससच्या काही मॉडेल वाय गाड्यांत सेलभोवती फेस भरून पॅकलाच सांगाड्याचा भाग बनवलं. अमेरिकेत गाड्या सोडवून अभ्यास करणारे सँडी मन्रो यांनी त्या पॅकबद्दल २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की त्याची दुरुस्ती होऊ शकत नाही. गाडी जास्त पळावी, स्वस्त व्हावी, यासाठीच हे सगळं आहे. विकत घेताना आपल्याला तेच तर हवं असतं.

त्याची किंमत विम्यात उतरते. ब्रिटनच्या थॅचम रिसर्चने २०२३ च्या अहवालात मांडलं की बॅटरीवरच्या गाड्यांचे अपघाती दावे पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के महाग पडतात आणि दुरुस्तीला चौदा टक्के जास्त वेळ लागतो. जानेवारी २०२४ मध्ये भाड्याने गाड्या देणाऱ्या हर्ट्झने अमेरिकेतल्या वीस हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा दिलेल्या कारणांत ठोकाठोकीच्या दुरुस्तीचा वाढीव खर्च होता. आपल्याकडे सरकारने २०२२ मध्ये विजेच्या गाड्यांना थर्ड पार्टी हप्त्यात पंधरा टक्के सवलत दिली. ३० ते ६५ किलोवॉटच्या खाजगी गाडीला तेव्हा ठरलेला हप्ता वर्षाला २,९०४ रुपये. ती सवलत दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याची. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता विमा कंपनी ठरवते, आणि मी पाहिलेल्या दोन गाड्यांसारखे दावेच तो ठरवत असतात. लहानसहान गोष्टीही त्यात भर घालतात. साधं दार रंगवायचं असलं तरी भट्टीचं तापमान बॅटरीला सोसेल एवढंच ठेवायचं, नाहीतर पॅक उतरवायचा. नऊ दिवस गाडी उभी राहते, तेही असंच.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच आहे. ट्रे सुटा विकायचा की नाही, बोल्ट घालायचा की चिकटा, हे चाकणला, रांजणगावला किंवा शेन्झेनला ड्रॉइंग बोर्डवर ठरतं. तिथे डेंटर नसतो, सर्व्हेअर नसतो, आणि तीन वर्षांनी पार्किंगच्या चढावर ज्याची गाडी घासणार आहे तो मालकही नसतो. चांगले इंजिनिअर हे करू शकतात, पहिल्या गाडीच्या अठ्ठेचाळीस बोल्टांनी मला ते दाखवलं आहे. त्या पॅकमध्ये सेल थोडे कमी मावले असतील. पण एका शिक्षक घराचे तीन लाखांहून जास्त रुपये त्या बोल्टांनी वाचवले. खालून एक जाड संरक्षक पत्रा, वेगळा बदलता येईल असा, एवढं जरी सगळ्यांनी केलं तरी माझ्या टेबलावरचे निम्मे कागद कमी होतील, असं मला मनापासून वाटतं.

चाचांना मी पॅकच्या आतले फोटो दाखवले. मॉड्यूलवाल्या पॅकच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवून बोल्ट मोजले. दुसरा फोटो त्यांनी जवळ धरून बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता फोन मला परत दिला.

दुसरी गाडी मागच्या आठवड्यात सॅल्व्हेजमध्ये गेली. ट्रकवर चढवताना तिला ढकलावं लागलं नाही. चालकाने बटण दाबलं आणि ती आपली आपण, आवाज न करता, फळ्यांवरून वर गेली.

विजेची गाडी घ्यायला निघाला असाल तर शोरूममध्ये रेंज आणि चार्जिंगच्या बरोबरीने एवढं विचारा: बॅटरीचा खालचा ट्रे सुटा मिळतो का, आणि त्याची आजची किंमत काय? उत्तर लेखी घ्या. मिळत नसेल, तर तेही लेखी घ्या. गाडी घेतलीत तर झिरो डेप आणि बॅटरीचं वेगळं संरक्षण पहिल्या वर्षी घेऊन दुसऱ्या वर्षी सोडू नका. आणि खालून दगड लागल्याचा आवाज आला, तर गाडी चालते आहे म्हणून घरी नेऊ नका. सुरक्षित जागी थांबवा, फोटो काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.